गोंदीखेड्याच्या हापशाचं पाणी

सोमवार, ३ मार्च

शाळेच्या फाटकावर आज न विचारता नोटीस चिकटवली. टायरवाल्यांची. गोंदीखेड्याच्या शिवेवर जुने टायर बंद भट्टीत तापवून त्यांतून तेल काढतात, त्या कारखान्याला आता तिप्पट व्हायचंय. झाला, तर त्याची भिंत आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला टेकणार. जनसुनवाई १६ एप्रिलला, तीही शाळेच्याच मैदानात. म्हणजे मान आमची, सुरी त्यांची आणि पाटही आम्हीच मांडायचा.

मागोमाग राजवीर नावाचा त्यांचा साहेब आला. इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीवर बसेना. “मैडम, हम तो कचरे से ईंधन बना रहे हैं. धरती को गरम होने से बचा रहे हैं.” बाहेर सदतीस अंश, आणि हा मला धरतीचा ताप सांगतोय! हे टायर परदेशातून मुंबई बंदरात उतरतात आणि धामनोदवरून ट्रक भरभरून इथे येतात. गाड्या तिकडच्यांनी फिरवायच्या, झिजलेली चाकं आमच्या पोरांच्या उशाशी जाळायची, आणि फाटकावर हिरवी पाटी लावायची. शाळेला थंड पाण्याचा कूलर देतो म्हणाला. बदल्यात फक्त एक पत्र हवं, की शाळेला कारखान्याची काही तकलीफ नाही. मी म्हटलं, “तकलीफ तो सामने खड़ी है, चिट्ठी किस बात की?” तो हसला. अपमानावर हसणाऱ्या माणसाला मी चहा विचारत नाही.

घरी ह्यांना सांगितलं. नीलकंठराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “जूनमध्ये तू निवृत्त होणार, मधुवंती. आता कशाला विस्तवात हात?” लग्नाला सदतीस वर्षं झाली, ह्यांचा सल्ला एकच: कशाला.

बुधवार, ५ मार्च

थावरीशी भांडण. थावरी म्हणजे शाळेतली स्वयंपाकीण, गंधवानीकडची भिलीण. मुलांचं दुपारचं जेवण तीच रांधते. तिची सुमली चौथीत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी इथे मुख्याध्यापिका म्हणून आले तेव्हा पहिलं काम केलं ते हापशाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधण्याचं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, न गाळलेलं पाणी कुणाच्या हाती देऊ नये, दारच्या भिकाऱ्याच्यासुद्धा. प्रार्थनेच्या वेळी मी मुलांनाही तेच सांगते, घरीसुद्धा पाणी गाळूनच प्या. धारला आमच्या घरी नळाला अजून फडकं असतं. इथे मात्र ही बाई रोज ते काळंकुट्ट करून ठेवते. चुलीवरची भांडी पुसत असणार त्याने, दुसरं काय! विचारलं तर म्हणते, “मैडम, हूँ कई नी पोंछूँ. यो तो पाणी से होवे.”

पाण्याने कापड काळं होतं हे नवीन ज्ञान मला या वयात मिळालं. चांगलं सुनावलं. ती गप्प राहिली. या लोकांचं गप्प बसणंही उद्धट असतं.

मंगळवार, ११ मार्च

सरपंच गणोजी आणि गावातली आठ-दहा माणसं शाळेत जमली. सगळ्यांचं रडगाणं एकच. पाण्याला रॉकेलचा वास, पोरांच्या हातापायांवर फोड, छपरांवर काजळी. मग कारखाना आल्यापासून तीन वर्षं काय करत होता, विचारलं. गणोजी म्हणाला, “मैडम, आप लिख दो, हम अंगूठा लगा देंगे.” अंगठ्याने भट्ट्या विझत असत्या तर या देशात एकही भट्टी उरली नसती.

मी सांगितलं, सुनावणीत माणूस बोलत नाही, कागद बोलतो. शाळेत त्रेसष्ट मुलं या हापशाचं पाणी पितात. ते तपासून घ्यायचं आणि तो अहवाल साहेबासमोर आपटायचा. पाणी खराब निघालं तर वाढीव कारखान्याला परवानगी मिळणं अवघड आहे, आणि नाही निघालं तर मग आपलं कुणी ऐकणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला यांना काही लागत नाही.

देवासला विनोदिनीच्या अंकितला फोन केला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तिथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. घरचा माणूस असला की दगाफटका होत नाही.

सोमवार, १७ मार्च

होळीच्या सुटीनंतर शाळा उघडली. अंकितने बसच्या कंडक्टरबरोबर काचेच्या बाटल्या पाठवल्या होत्या, आणि सोबत एक छापील कागद: पाणी कसं भरावं. मला! जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, आता कालचं पोर मला बाटली भरायला शिकवणार. खिडकीची झडप वाऱ्याने आपटत होती, कागदाची घडी करून तिच्या फटीत बसवली.

नमुना माझ्या हाताने घेतला. नवं कोरं फडकं आणलं, गरम पाण्यातून काढलं, आठपदरी करून हापशाला बांधलं. शाळेचं पाणी देवासला जाणार, साहेब लोकांच्या टेबलावर ठेवलं जाणार. त्यात काडीकचरा निघाला तर शोभा कुणाची? वास होताच. पण खरा दोष पाण्याच्या पोटात असतो, तो यंत्राला सापडेल. वरची घाण म्हणजे आपला आळस.

थावरी हापसा मारत होती. मध्येच थांबून म्हणाली, “मैडम, छान लियो तो वाँ कई दिखेगो?”

गाळलं तर तिथे काय दिसणार म्हणे! “तू हापस,” म्हटलं. आता स्वयंपाकीणही मला विज्ञान शिकवणार. फडकं पहिल्याच बाटलीला काळं झालं. चार दिवस हापसा बंद होता, नळीत घाण साचली असणार. नवं फडकं घेतलं आणि दुसरी बाटली भरली. पाणी कसं नितळ आलं!

बाटल्या स्वतः देवासला नेऊन दिल्या. अंकितने विचारलं, “मावशी, कागद वाचला होता ना?” मी म्हटलं, “बाटल्या घे आणि कामाला लाग.”

शनिवार, २९ मार्च

अहवाल आला. रंग नाही. गढूळपणा नाही. तेल मर्यादेच्या आत. खाली अंकितची सही.

फोडांनी भरलेली त्रेसष्ट पोरं, रॉकेलचा वास, आणि हा म्हणतो पाणी चांगलं! विकला गेला. दुसरं काय असणार? राजवीरसारखी माणसं देवासपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो! आमच्याच रक्ताचा निघाला, याचीच लाज वाटते. प्रयोगशाळेने पंचायतीला पाठवलेली अहवालाची प्रत मी शाळेत येण्याआधीच तिथे पोचली होती आणि तिथून अर्थात टायरवाल्यांकडे. गणोजीचं तोंड म्हणजे चव्हाटा.

दोन कागद लिहिले. एक प्रयोगशाळेच्या मालकाला, हिंदीत: आपल्या केमिस्टने नमुना बदलला आहे, चौकशी व्हावी. दुसरा अंकितला, मराठीत. चार पानं. काही हातचं राखलं नाही. दोन्ही रजिस्टर पोस्टाने पाठवले. आता जरा बरं वाटतंय.

शनिवार, ५ एप्रिल

विनोदिनीचा फोन. “ताई, अंकितला घरी बसवलंय. तुझ्या अर्जामुळे.” रडत होती. मी म्हटलं, पाणी बदलताना त्याला आई आठवली नाही का? तिने फोन ठेवला.

बोलले ते बोलले. जीभ माझी लहानपणापासून अशीच आहे. पण खोटं काय त्यात?

सोमवार, ७ एप्रिल

संध्याकाळी अंकित धारला आला. पाया पडला नाही. ह्यांनी बस म्हटलं तरी दारातच उभा. हातात माझं पत्र.

“मावशी, मला मराठी वाचायला टाइम लागतो. म्हणून बाबांना दिलं. ते जोराने वाचून दाखवत होते.” मग म्हणाला, “दुसऱ्या पानावर ते चुप झाले. बाकीचं वाचलंच नाही.”

दुसऱ्या पानावर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे.

तो म्हणाला, “एकच विचारायला आलो. बाटली हैंडपंपच्या खाली सीधी लावली होती का?”

“सीधी म्हणजे? चांगलं आठपदरी फडक्यातून गाळून घेतलं. घाण पाणी द्यायची आमच्याकडे रीत नाही.”

तो बघतच राहिला. ह्यांनीही पेपर खाली ठेवला.

“गाळून?” तो म्हणाला. “मावशी, तेल आणि काळं तर फडक्यातच राहिलं. मग मी काय नापणार होतो? कागदावर पहिलीच ओळ तीच होती.”

मी म्हटलं, नोकरी वाचवायला चांगली गोष्ट रचलीस. तो जिना उतरला. खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. ह्यांनी पेपर परत उचलला, पण पान उलटलं नाही.

गोष्टच रचली त्याने. पाणी गाळल्याने कुठे खोटं होतं?

मंगळवार, ८ एप्रिल

शाळेत लवकर गेले, कुणी यायच्या आत. फडकं सोडलं. एकटीने हापसा मारला आणि बादली भरली.

वर सप्तरंगी तवंग आला. त्याखाली काजळीचे कण फिरत होते. बोट बुडवलं, तर ते काळं आणि बुळबुळीत झालं. साबणाने दोनदा धुतलं, वास जाईना.



गुरुवार, १० एप्रिल

इंदूरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेला फोन केला. नवा नमुना आज दिला तरी अहवाल महिन्याच्या शेवटी. सुनावणी सोळाला. म्हणजे साहेबाच्या टेबलावर एकच कागद असणार: माझा.

रविवार, १३ एप्रिल

ह्यांना विचारलं. म्हणाले, “गप्प राहा. अहवाल जसा आहे तसा राहू दे. अडीच महिने राहिलेत. भर सभेत स्वतःला मूर्ख म्हणवून घेऊन काय मिळणार आहे?” आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा सल्ला मला गोड लागला. त्याचीच भीती वाटली.

खरं सांगायचं तर मला लाज वाटते ती चूक झाली याची नाही. थावरीने त्याच दिवशी, बाटली भरण्याआधी, सांगितलं होतं. अंकितच्या कागदावर पहिल्या ओळीत होतं. दोघांचंही ऐकलं नाही, कारण एक आमच्या घरातलं पोर आणि दुसरी भिलीण. हे सभेत कसं सांगायचं?

आज बाहेर बेचाळीस अंश. भट्टीवरचा धूर धारच्या रस्त्यापर्यंत येतोय. मला तो राजवीर डोळ्यांसमोर दिसतो आणि त्याच्या इस्त्रीवर पाणी ओतावंसं वाटतं. हेच पाणी, न गाळलेलं.

बुधवार, १६ एप्रिल

सुनावणी झाली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझंच मन मला काहीतरी गोड करून सांगेल.

मंडप टायरवाल्यांचा, खुर्च्या त्यांच्या, थंड पाण्याच्या सीलबंद बाटल्यासुद्धा त्यांच्याच. तीन-चारशे माणसं होती. मंचावर एक अपर कलेक्टर, एक प्रदूषणवाले अधिकारी आणि राजवीर. त्याने पडद्यावर हिरवी झाडं दाखवली, आणि इतक्या टायरांमागे किती धूर वाचतो त्याचे आकडे. मग माझा अहवाल उंच धरला.

“और पानी की बात, तो आदरणीय मैडम ने स्वयं सैंपल लिया, स्वयं देवास पहुँचाया. मैडम हमारी विरोधी हैं, ये सब जानते हैं. उनका पानी भी साफ निकला.” टाळ्या झाल्या. गणोजी माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याला विकून आले.

मी उठले. माईक देईनात, म्हणून वर्गात ओरडते तशी ओरडले. सांगितलं की पाणी मी गाळून दिलं होतं. केमिस्टचा काही दोष नाही, त्याच्यावर मी खोटा आरोप केला. अहवाल चुकीच्या नमुन्याचा आहे, तो धरू नये. मग न गाळलेल्या पाण्याची बादली मंचासमोर आणून ठेवली. प्रदूषणवाले वाकून बघून म्हणाले, “ऐसे खुली बाल्टी हम रिकॉर्ड पर नहीं ले सकते. इसमें कोई भी कुछ भी मिला सकता है.”

अपर कलेक्टरांनी विचारलं, “लेकिन मैडम, आपने छाना क्यों?”

मी म्हटलं, “हमारे यहाँ बिना छाना पानी किसी को देते नहीं.”

कुणीतरी हसलं. राजवीर मात्र हसला नाही. त्याने दोन्ही हात जोडले. “मैडम, फिर तो आपने हमारा काम आसान कर दिया. आपने ही सिद्ध कर दिया कि कपड़े से छान लो तो पानी बिल्कुल साफ. गाँववालों को और क्या चाहिए? कपड़ा हम बँटवा देंगे, हर घर को.”

मग सगळा मंडप हसला. गोंदीखेड्याची माणसंसुद्धा. मी माझ्या पन्नास-साठ विद्यार्थ्यांसमोर उभी होते. आयुष्यभर जिच्या जिभेने घर भाजलं, ती ऐन वेळी मुकी झाली. पाहून घ्या, राजवीरसाहेब, ही मधुवंती.

तेव्हा मागून थावरी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सुमलीला दंडाला धरून पुढे आणलं, तिच्या बाह्या वर केल्या आणि कोपरापासून मनगटापर्यंत फुटलेले फोड मंचाकडे केले.

“साब, दो साल से छान के ही पिलाऊँ हूँ. स्कूल में एक दिन बी बिना छाण्यो नी पिलायो. मैडम को हुकम है. फेर यो कई है?”

हसणं थांबलं. राजवीर कागद चाळू लागला. प्रदूषणवाल्यांनी पहिल्यांदाच पेन उघडलं.

आणि मला मात्र तिच्या बोलण्यातलं वेगळंच ऐकू आलं. मैडम को हुकम. दोन वर्षं रोज सकाळी ही बाई ते काळं फडकं धूत होती, माझ्या हुकमाने. फडकं नसतं तर पहिल्याच दिवशी कुणी पोर ओरडलं असतं, बाई, पाणी काळं आहे. मीच पाणी दिसायला चांगलं करून पोरांच्या हातात देत होते. टायरवाल्यांचं काम दोन वर्षं मी फुकटात केलं, आणि वर त्याचा अभिमान बाळगला.

निर्णय नाही झाला. अधिकारी स्वतः येऊन सगळ्यांसमोर नमुने घेतील, विरघळलेल्या द्रव्यांचीही तपासणी होईल, तोवर फाइल थांबली. गणोजीने विचारलं, पाणी कोण भरून देणार? सगळ्यांनी थावरीकडे पाहिलं. बरोबर आहे.

सभा संपल्यावर थावरीला म्हटलं, “मेरी गलती थी.” ती सुमलीच्या बाह्या खाली करत होती. म्हणाली, “हाँ, थी.” आणि निघून गेली.

गुरुवार, १७ एप्रिल

प्रयोगशाळेच्या मालकाला पत्र लिहिलं, आरोप खोटा होता म्हणून. अंकितलाही लिहिलं, या वेळी हिंदीत, म्हणजे त्याला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. विनोदिनी फोन उचलत नाही.

शाळेच्या हापशाचा दांडा काढून ऑफिसात ठेवला. टँकरसाठी गणोजीकडे गेले, तर म्हणतो, अर्ज करा. माणसं भडकली आहेत. एकीने फाटकात उभं राहून सुनावलं, पहले पानी खराब बताया नहीं, अब पानी ही बंद कर दिया.

मंगळवार, २२ एप्रिल

टँकर नाही. चव्वेचाळीस अंश. पटावर त्रेसष्ट, हजर अकरा. थावरी आली नाही. स्वयंपाकाला पाणीच नाही, येऊन करणार काय?

अकराही जणांच्या हातात घरून आणलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. पाणी आरपार दिसत होतं. विचारलं, कुठलं? कुणी म्हणालं घरच्या हापशाचं, कुणी शेतातल्या बोअरचं. जमिनीखाली पाणी एकच आहे, हे मीच त्यांना सहावीच्या पुस्तकातून शिकवलंय.

एक पिल्लू बाटली उंच धरून म्हणालं, “मैडम, मम्मी ने डबल कपड़े से छाना. आपने प्रार्थना में बोला था न, वैसे ही.” बाकीचेही बाटल्या उंच करून दाखवायला लागले. शाबासकी हवी होती त्यांना.

दिली नाही. रागावताही आलं नाही. सगळ्यांना घरी पाठवलं आणि आता एकटीच वर्गात बसून हे लिहितेय. गावात एकशे चाळीस घरं आहेत. उद्या सकाळी निघायचं, एकेका घरी जायचं आणि हात जोडून सांगायचं, बाई, फडकं सोड, पाणी गाळू नकोस, आधी बघ. लोक वेडी म्हणतील. म्हणू देत. पहिलं घर थावरीचं. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही.